टोमॅटो-सोबती सेट: रोपं झकास, झेंडू उशिरा

गेल्या ऑक्टोबरात पुण्यात घराजवळच्या एका नर्सरीतून हा सेट आणला. ३५० रुपये. टोमॅटोची ६ रोपं, आफ्रिकन झेंडूची ४, बेसिलची २ आणि धन्यांची एक पुडी. टोमॅटोची रोपं खरंच छान होती. ट्रेमधून अलगद निघाली, मुळं पांढरीशुभ्र, गच्चीवर लावल्यावर एकही मेलं नाही. बेसिल म्हणजे सब्जाचंच भावंड. फालुद्यासाठी आणलेलं चिमूटभर बी टाकलं असतं तरी उगवलं असतं. असो, लेकीने पास्त्यात संपवलं.

घोळ झाला तो झेंडूचा. सोबतच्या कार्डावर लिहिलंय, ‘झेंडूच्या वासाने अळी फिरकत नाही.’ नोव्हेंबरात टोमॅटोला फुलं येऊन हिरव्या गोट्या धरल्या, तरी झेंडूला कळीचा पत्ता नाही. एका सकाळी बघते तर टोमॅटोला गोल भोक, अळीचं डोकं आत आणि मागचं अर्धं अंग बाहेर लोंबतंय. पहिल्याच तोड्याची ११ फळं गेली.

माझ्या भावाची नारायणगावजवळ टोमॅटोची शेती आहे. फोटो पाठवला तर हसतच सुटला. “अगं ताई, झेंडू तिला पळवत नाही, बोलावतो!” फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्याफुलांवर अंडी घालतो, म्हणून टोमॅटो वाचतो. पण त्यासाठी दोन्ही एकाच वेळी फुलायला हवेत. शेतात टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ असते, आणि लावताना टोमॅटोचं रोप २५ दिवसांचं तर झेंडूचं ४५ दिवसांचं घेतात. अळ्या दिसल्या की ती फुलं खुडून टाकायची, नाहीतर आपणच त्यांना पोसतो. माझ्या सेटमधली रोपं मात्र सगळी एका वयाची. ट्रेमध्ये दिसायला देखणी, कामाला उशिरा.

नर्सरीत सांगितलं, तर “मॅडम, सगळे असंच नेतात.”

धने तेवढे वसूल झाले. थोडी कोथिंबीर मुद्दाम फुलू दिली, तर पांढऱ्या फुलांवर किडींच्या वैरी असलेल्या बारीक माश्या दिवसभर घिरट्या घालायच्या.

गेल्या दसऱ्याच्या तोरणातली सुकी फुलं ठेवली होती. त्यांचं बी टाकून आज ४० दिवस झाले. रविवारी त्याच नर्सरीत जाणार आहे, टोमॅटोची सुटी रोपं आणायला. सेट नको.