'मुक्त' फॉन्ट: मराठी पुस्तकाला चालेल का?

मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' हा युनिकोड फॉन्ट ७ जाड्यांत, फुकट मिळतो आणि खुल्या परवान्यामुळे ई-पुस्तकात बेलाशक जोडता येतो. मोबाइलवर सुरेख दिसतो. छापील कादंबरीला मात्र नको. रेघ सगळीकडे जवळपास सारखीच जाड, त्यामुळे ३०० पानं वाचताना डोळे शिणतात. मथळे, तक्ते, टिपांना उत्तम. तिरपा प्रकार नाही. सॉफ्टवेअरने ओढून तिरपा केलात तर अक्षर विद्रूप होतं, तिथे ठळक वापरा.

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर (ओळी जुळवणारी सोय) आधी लावा, नाहीतर 'स्थिती'ची वेलांटी भलतीकडे जाते. ११ पॉइंटला ओळीचं अंतर १७ ठेवा.

जुना मजकूर श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या बिगर-युनिकोड फॉन्टमधून आणला असेल, तर खरी मेहनत पुढेच. रूपांतरात रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो. त्याहून फसवा 'वाऱ्यावर'मधला 'ऱ्य'. तो 'ऱ'चा पाय मोडून टाइप होतो, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून पुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एक सापडतो, दुसरा निसटतो. सूची करण्याआधी सगळे पहिल्या पद्धतीचे करून घ्याच.