ओबिसवर आठ महिने: पाच जुन्या प्लवकवह्या चढवताना आलेला अनुभव

आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र विभागाच्या लोखंडी कपाटात पाच वह्या पडून होत्या. १९९४ ते २००३ या काळात रत्नागिरीजवळ मिऱ्या आणि भाट्ये इथल्या पाण्यात जाळं ओढून गोळा केलेल्या प्लवकांची, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या बारीक जीवांची, मोजणी त्यांत आहे. वाळवीने एका वहीची कड खाल्ली तेव्हा ठरवलं की हे सगळं ओबिसमध्ये चढवायचं. ओबिस म्हणजे जगभरच्या सागरी जीवांच्या नोंदींचा खुला साठा. ‘सेन्सस ऑफ मरीन लाइफ’ या मोहिमेतून तो उभा राहिला आणि २००९ पासून युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाकडे आहे. भारतातलं त्याचं केंद्र, इंडोबिस, सुरुवातीच्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होतं, आता ते कोचीला आहे. आठ महिने रोज संध्याकाळी तासभर हे काम केलं. ज्यांच्याकडे अशा वह्या असतील त्यांच्यासाठी लिहितो आहे.

आधी एक सांगतो. पहिले दोन महिने हाती काहीच लागत नाही. ओबिस ‘डार्विन कोअर’ नावाच्या रचनेत माहिती घेतं. आपल्या वहीत एका पानावर तारीख, जागा, भरती-ओहोटी, प्राण्यांची नावं आणि आकडे असं सगळं एकत्र असतं. तिथे त्याचे तीन तक्ते करावे लागतात: एक जाळं ओढण्याच्या प्रत्येक खेपेचा, दुसरा त्या खेपेत सापडलेल्या जीवांचा, तिसरा मोजमापांचा. प्रत्येक ओळीला कायमचा स्वतंत्र क्रमांक लागतो. सुरुवातीला हे किचकट वाटलं. तिसऱ्या तक्त्यात काय भरायचं हे उमगलं तेव्हा त्या रचनेबद्दल मनापासून आदर वाटला. त्या तक्त्यात आकड्याशेजारी एकक द्यावं लागतं आणि तो आकडा कसा मिळाला हेही सांगावं लागतं. आमच्या वह्यांत नेमकं तेच नव्हतं.

नावांचं काम मात्र अपेक्षेपेक्षा सोपं झालं. सागरी जीवांच्या अधिकृत नावांची जागतिक नोंदवही आहे, तिला सगळे ‘वर्म्स’ म्हणतात. आपली यादी दिली की प्रत्येक नावापुढे आजचं मान्य नाव आणि क्रमांक येतो. वहीत नोक्टिलुका मिलियारिस होता, तो आता नोक्टिलुका सिंटिलान्स. रात्री लाटा निळ्या उजळवणारा तोच हा जीव. समुद्रातले सेराटियम हे एकपेशीय जीव आता ट्रायपॉस झाले, गोड्या पाण्यातल्यांनी जुनं नाव राखलं. कोळंबीच्या कुळातला तो काडीसारखा पारदर्शक ल्युसिफर हॅन्सेनाय आता बेल्झेबब या प्रजातीत गेला. मात्र स्पेलिंग चुकलेलं असेल तर यंत्र ‘जवळचं नाव’ सुचवतं. ते डोळे मिटून स्वीकारू नका, दरवेळी वही उघडून बघा. वहीतलं मूळ नावही जसंच्या तसं वेगळ्या रकान्यात ठेवा. उद्या वर्गीकरण पुन्हा बदललं तर मागे जायला वाट हवी.

‘जवळा’ या शब्दाने आठवडा घेतला. वहीत बऱ्याच ठिकाणी लॅटिन नाव न लिहिता मराठीत ‘जवळा’ एवढंच लिहिलं आहे. आपल्या किनाऱ्यावर जवळा म्हणजे मुख्यतः असेटेस इंडिकस, पण डोल जाळ्यातून निघालेल्या ढिगात त्याचे भाऊबंदही असतात. मोह होत होता, तरी जातीचं नाव घातलं नाही. फक्त ‘असेटेस’ इथवर थांबलो आणि शेऱ्यात लिहिलं की मूळ नोंद मराठीत ‘जवळा’ अशी आहे. ओबिस अशी अर्धी ओळखही घेतं, हे मला त्याचं मोठं बलस्थान वाटतं.

जागेच्या बाबतीत मात्र फार सावध राहायला हवं. मिऱ्याचं एक स्थानक वहीत १६ अंश ५९ मिनिटं उत्तर, ७३ अंश १६ मिनिटं पूर्व असं आहे. विद्यार्थ्याने ते १६.५९ आणि ७३.१६ असं टंकलं. खरं तर मिनिटांना साठने भागून १६.९८३ आणि ७३.२६७ यायला हवं. एवढ्याशा चुकीने ते स्थानक ४० किलोमीटरहून जास्त दक्षिणेला सरकून विजयदुर्गासमोर खोल पाण्यात गेलं. नोंद जमिनीवर पडली तर तपासणी लगेच खूण करते, पण ही जागा समुद्रातच असल्यामुळे खूण आली नाही. आणखी एका ठिकाणी अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली होती आणि मिऱ्या नॉर्वेच्या उत्तरेला पोचलं होतं. तिथेही समुद्रच! ही चूक नकाशा मोठा करून पाहिल्यावर सापडली. सकाळी सातला निघून नऊला परत येणारी आमची छोटी होडी विजयदुर्गासमोर जाईलच कशी, असा प्रश्न एका मुलीने विचारला आणि पहिली चूक तिथे उघडी पडली. यंत्राला ही होडी माहीत नसते.

तारखांचंही तसंच. ०७/११ म्हणजे ७ नोव्हेंबर, पण तक्त्याच्या प्रणालीने ११ जुलै केलं. जुलैत आमच्याकडे होडी पाण्यात उतरत नाही, म्हणून लक्षात आलं. १२ मार्चची ३ डिसेंबर झालेली तारीख अशी सहज दिसत नाही. शेवटी वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने सगळ्या तारखा हाताने पुन्हा भरल्या.

आता मुख्य गोष्ट. आलेख काढला तेव्हा १९९८ च्या ऑक्टोबरपासून ओइथोना हे बारीक कोपेपॉड (कोळंबी-खेकड्यांच्या गटातले इवलेसे प्लवक) एकदम कमी झालेले दिसले. नवव्या वर्गापासून समुद्राबद्दल वाचत आलेल्या माणसाचं मन लगेच एल निनोकडे धावतं, १९९७–९८ चा एल निनो होताही मोठा. मीही आठ दिवस त्याच विचारात होतो. मग विभागातून निवृत्त झालेल्या प्रयोगशाळा परिचरांना घरी जाऊन भेटलो. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांनी वही हातात घेतली, पान उलटलं आणि म्हणाले, “सर, तेव्हा जाळं फाटलं होतं. नवं आणलं त्याचं कापड मोठ्या आसाचं होतं.” आस म्हणजे जाळ्याचं भोक. विभागातल्या सामानाची नोंदवही, डेडस्टॉक रजिस्टर, काढलं. जुनं जाळं २०० मायक्रॉनचं, नवं ३३० चं. त्या मोठ्या आसांतून ओइथोना आणि कोपेपॉडची पिल्लं निसटून जातात. समुद्रात काही घडलेलं नसेलही, जाळं बदललं हे मात्र नक्की.

हिंदी महासागराच्या १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत वेगवेगळ्या देशांच्या जहाजांना एकच ठरावीक जाळं दिलं होतं. आस ३३० मायक्रॉन, तोंड एक चौरस मीटर, २०० मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंत उभं ओढायचं. त्यातून आलेले १,९०० हून अधिक नमुने कोचीत एकत्र अभ्यासता आले ते त्या एका निर्णयामुळे. हे मी वर्गात कित्येक वर्षं शिकवलं होतं. त्याचं महत्त्व भाऊंच्या ओटीवर बसून कळलं.

भाऊंनी आणखी एक गाठ सोडवली. वहीत काही रकाने रिकामे आहेत, काहींत आडवी रेघ आहे. मी दोन्ही शून्य धरणार होतो. भाऊ म्हणाले, रिकामं म्हणजे शोधलं पण मिळालं नाही, रेघ म्हणजे त्या दिवशी तो गट मोजलाच नाही. ओबिसमध्ये ‘आढळला नाही’ अशी नोंद स्वतंत्रपणे करता येते. रिकाम्या रकान्यांना ती दिली, रेघांना काहीच दिलं नाही. दहा वर्षांची अनुपस्थिती त्यामुळे खरी ठरली.

संख्येचं मात्र पूर्ण समाधान झालेलं नाही. जाळ्यातून किती पाणी गेलं ते मोजणारा फ्लोमीटर आमच्याकडे नव्हता. ५० सेंटिमीटर व्यासाचं तोंड, एका नॉटच्या वेगाने पाच मिनिटं ओढलं तर सुमारे ३० घनमीटर पाणी गाळलं गेलं असं गणित निघतं. पण जाळं प्लवकांनी तुंबलं की पाणी आत न शिरता बाजूने जातं, त्यामुळे खरा आकडा कमी असणार. म्हणून प्रत्येक घनतेपुढे ‘अंदाजित’ लिहिलं, आणि मूळ मोजलेला आकडाही वेगळा दिला. कोणी पुढे चांगली रीत शोधली तर त्याला आमच्या अंदाजावर विसंबावं लागणार नाही.

ओबिस वापरणाऱ्यांनाही एक विनंती. नकाशावर ठिपके दाट दिसले म्हणजे तिथे जीव जास्त, असं नसतं. तिथे माणसं जास्त वेळा गेली, एवढंच त्यातून कळतं. कोकणचा किनारा विरळ दिसतो, आणि किती महाविद्यालयांच्या कपाटांत अजून वह्या असतील या विचाराने जीव कासावीस होतो. सगळं मार्गदर्शन इंग्रजीत आहे, म्हणून आमच्या विद्यार्थ्यांसाठी मी बारा पानांची मराठी टिपणं केली. ज्यांना हवी असतील त्यांना देईन.

चार वह्या आता चढल्या आहेत. पुढे चूक सापडली तर दुरुस्त आवृत्ती देता येते आणि आधीचीही नोंद राहते, त्यामुळे धाकधूक कमी झाली. पाचव्या वहीतली सात पानं बाकी आहेत. त्यांवर स्थानकाचा क्रमांक नाही, नुसतं ‘बत्तीसमोर’, म्हणजे दीपगृहासमोर, लिहिलं आहे. पावसाळा संपला की भाऊ आमच्याबरोबर होडीत येणार आहेत, बत्ती नेमकी कुठून समोर दिसायची ते दाखवायला. जीपीएसच्या बॅटऱ्या आणून ठेवल्या आहेत.