दांडिया बाजारातला प्रिंटवाला : अंधार नीट छापून देतो
सतराव्या शतकातल्या डच लोकांची रात्रीच्या आगीची चित्रं मला फार आवडतात, त्यात एग्बर्ट फान देर पूल सगळ्यात जास्त. 1621 मध्ये डेल्फ्टला जन्मलेला हा माणूस, 12 ऑक्टोबर 1654 ला तिथलं दारूगोळ्याचं कोठार उडालं आणि गावाचा मोठा भाग गेला, ते उद्ध्वस्त गाव त्याने कितीतरी वेळा रंगवलं. त्याचंच एक रात्री पेटलेल्या खेड्याचं चित्र बाहेरच्या खोलीत लावायचं म्हणून मी फाइल घेऊन फिरत होते.

आधी दुसऱ्या एका दुकानात ग्लॉसी पेपरवर प्रिंट काढला तर नुसतं डांबर, मधे एक पिवळा ठिपका, माणसंच गायब! अहो या चित्रात अंधार काळा नसतोच, तपकिरी असतो, आणि उजेड फक्त आगीचा, त्यामुळे जवळ उभा असलेल्याची एकच बाजू उजळते आणि बाकी सगळं त्या तपकिरीत असतं, ते गेलं की चित्रच गेलं.

दांडिया बाजारातल्या भाईंनी मात्र तो खराब प्रिंट हातात घेऊन नीट बघितला, मग मॅट पेपरवर आधी वीतभर पट्टी काढली, दुकानाबाहेर उन्हात धरून बघितली, गडद भाग जरासा उचलला आणि दुसरी पट्टी काढली. त्यात कोपऱ्यातला गाठोडं घेतलेला माणूस दिसला, खांद्याच्या कडेला केसाएवढी नारिंगी रेघ! मी तिथेच हो म्हटलं. ही माणसं विझवायचं सोडून सामान का काढतायत असं भाईंनी विचारलं. तेव्हा बादल्या नि शिड्यांवरच भिस्त होती, पाणी मारायचा चामड्याचा होज यान फान देर हेयडनने भावाबरोबर 1672 च्या सुमारास आणला, तोही चित्रकारच, हे ऐकून ते खूश झाले.

ए-टू साइजचे फ्रेमसकट साडेतेराशे घेतले, कामाच्या मानाने ठीकच. चार दिवस सांगून नऊ लावले, आणि काचेची फ्रेम घ्या म्हणून मागे लागले ती मी घेतली हे चुकलं, संध्याकाळी ट्यूबलाइट लागली की आगीच्या बरोबर वर तिचा पांढरा पट्टा येतो.

पुढचा प्रिंट आर्ट फान देर नेर या डच चित्रकाराचा काढायचाय, चांदण्या रात्रीतली आग, एकीकडे गार उजेड आणि एकीकडे ऊबदार. तो इथेच टाकणार, फक्त काच नको.