लोअर केलेल्या जीटी ८६चं अलाइनमेंट: आठ महिने, तीन सेटिंग्ज आणि आतून खाल्लेले दोन टायर

गाडी टोयोटा जीटी ८६. शॉक मूळचेच ठेवून २५ मिलीमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंग टाकल्या. टायर २१५/४५ आर १७. रोजचं जाणं-येणं, सुट्टीच्या दिवशी वळणांचा डोंगरी रस्ता आणि मधे दोनदा ट्रॅक, असा सगळा मिळून ११,००० किलोमीटरचा वापर झालाय. स्प्रिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही, गाडी दिसते छान. मला सांगायचंय ते स्प्रिंग टाकल्यावर चाकं कुठल्या कोनात ठेवायची, म्हणजेच अलाइनमेंट, यावर माझी जी डोकेफोड झाली त्याबद्दल.

या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब, चाक त्यालाच जोडलेलं) आहेत आणि पुढचा कॅम्बर, म्हणजे चाक उभ्या रेषेपासून आत-बाहेर किती झुकलंय तो कोन (वरून आत झुकलं तर उणे), हलवायची सोय मूळ गाडीत नाही. मागे डबल विशबोन, म्हणजे चाक वर आणि खाली अशा दोन आर्मवर धरलेलं. त्यामुळे गाडी खाली बसली की मागची चाकं वरून बरीच आत झुकतात आणि पुढची मात्र जेमतेम. माझ्याकडे पुढे डावीकडे उणे ०.४, उजवीकडे उणे ०.९ आणि मागे उणे १.९ च्या आसपास आलं. पहिल्या वेळी अलाइनमेंटवाल्याने पुढचा टो (वरून बघता चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलीत तो कोन) जुळवला, स्क्रीनवर हिरवं दिसलं आणि गाडी हातात दिली. हिरवं म्हणजे मूळ उंचीच्या गाडीला चालेल अशा मर्यादेच्या आत. तो पट्टा इतका रुंद असतो की डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाचा फरक असूनही दोन्हीकडे हिरवंच दिसतं.

पहिले २,५०० किलोमीटर तसेच काढले. सरळ रस्त्यावर तक्रार नव्हती. वळणात मात्र जी गाडी शेपूट हलवायला प्रसिद्ध, ती नाक बाहेर काढत होती, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं तितकी वळत नव्हती. कारण साधं आहे: वळणात बॉडी कलते, बाहेरचं पुढचं चाकही तिच्यासोबत बाहेर कलतं आणि टायर बाहेरच्या खांद्यावर, म्हणजे कडेवर, उभा राहतो. त्यात गाडी खाली बसवली की चाक खालून धरणारा आर्म आधीच आडवा होत आलेला असतो, म्हणून स्प्रिंग दबताना मिळणारा जादाचा कॅम्बरही कमी होतो. थोडक्यात, लोअर केलेल्या स्ट्रटवाल्या गाडीला उभ्या-उभ्याच जास्त कॅम्बर द्यावा लागतो. पहिल्या ट्रॅकच्या दिवशी पुढच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावरचे कोपरे गोल होऊन आले, तेव्हा हे पटलं.

मग कॅम्बर बोल्ट आणले. स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा भाग) जोडणाऱ्या वरच्या भोकात ते बसतात. पोटात एक्सेंट्रिक (मध्य सोडून बसवलेला गोल भाग) असतं, फिरवलं की चाकाचा वरचा भाग आत झुकतो. एक गोष्ट आधी मोजा: यात टायर आणि स्ट्रट यांच्यातली जागा कमी होते. कॅम्बर प्लेट (स्ट्रटचं वरचं टोक बॉडीला धरणारी, सरकवता येणारी प्लेट) लावली तर स्ट्रट आणि चाक एकत्रच हलतात, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. माझ्याकडे रुंद रिम नसल्याने भागलं.

आता माझा मूर्खपणा. मला पुढे कॅम्बर उणे १.५ आणि दोन्ही चाकांचा मिळून ०.२० अंश टो-आउट (चाकांची तोंडं बाहेर) हवा होता, म्हणजे वळणात शिरताना गाडी पटकन ऐकेल. चिठ्ठीवर लिहिलं, ‘पुढे टो-आउट ०.२०’. अलाइनमेंटवाल्याचं मशीन अंश आणि मिनिटांत (एका अंशाची साठ मिनिटं) दाखवत होतं. त्याने शून्य अंश वीस मिनिटं असं वाचलं आणि तेही प्रत्येक चाकाला दिलं. वीस मिनिटं म्हणजे ०.३३ अंश, दोन्हींचे मिळून ०.६७. मागितलं त्याच्या तिपटीहून जास्त. प्रिंटआउटवर टोचे आकडे लाल होते, पण ‘तुम्हीच मागितलंय’ म्हटल्यावर मी मान डोलावून पैसे दिले.

गंमत म्हणजे गाडी मला भयंकर आवडली. स्टेअरिंग नुसतं मनात आणलं की नाक वळायचं. महामार्गावर गाडी स्थिर बसत नव्हती, रस्त्यावरच्या प्रत्येक खाचेमागे जात होती, तरी मी त्याला ‘धार आलीय’ म्हणत फिरत होतो. ३,००० किलोमीटरनंतर एका मित्राने गाडी रॅम्पवर असताना खालून बघितलं आणि विचारलं, हे आतून काय झालंय? पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला गुळगुळीत, बाहेरून बघाल तर ठीकठाक.

सगळ्यांनी एकच निदान केलं: कॅम्बर जास्त आहे. मीही उणे एकवर जायला तयार झालो होतो. घरी प्रिंटआउट काढून गणित मांडलं तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. चाक ०.३३ अंश तिरकं धरून चालवलं तर एका किलोमीटरला टायर जवळजवळ ५.८ मीटर आडवा घासला जातो. ०.१० अंशाला हेच १.७५ मीटर. उणे दीड अंश कॅम्बरमुळे भार आतल्या बाजूला सरकतो हे खरं, पण तिथलं रबर खरवडून काढणारा टोच होता. दोघे एकत्र आले की आतल्या कडेची वाट लागते. यात अलाइनमेंटवाल्याला दोष देता येत नाही. आकड्यापुढे एकक लिहिलं नाही, एका चाकाचा की दोघांचा तेही लिहिलं नाही, तर समोरच्याने काय ओळखायचं?

तिसरं सेटिंग गेले ५,५०० किलोमीटर चालू आहे. पुढे कॅम्बर दोन्हीकडे उणे १.५, टो शून्य. मागे प्रत्येक चाकाला ०.१० अंश टो-इन (तोंडं आत). मागचा कॅम्बर हलवायचा तर बदली आर्म लागतात, ते अजून घेतले नाहीत, म्हणून डावीकडे उणे १.९ आणि उजवीकडे उणे १.७ असंच सोडलंय. नाक बाहेर काढण्याची खोड बरीच गेली. वळणात शिरताना पूर्वीची ती झटक्यात वळण्याची मजा थोडी कमी आहे, पण लांबच्या प्रवासात आता खांदे दुखत नाहीत. पुढचे टायर या वेळी नवे टाकले, सुरुवातीला नक्षी ७.५ मिलीमीटर होती. आज आत ६.३, मधे ६.६, बाहेर ६.७ भरते. उणे दीड अंशाला एवढी झीज मला मंजूर आहे. रोज फक्त सरळ महामार्ग असेल तर उणे एक पुरे. ट्रॅकच जास्त असेल तर उणे दोनच्या पुढे जायला हरकत नाही, मात्र बोल्टवर नाही, प्लेट घेऊन.

बोल्टवर नाही, याचं कारण: तिसऱ्या सेटिंगनंतर साधारण २,००० किलोमीटरला उजवं चाक एका खड्ड्यात दणकून आपटलं. दुसऱ्या दिवसापासून गाडी उजवीकडे ओढू लागली, सरळ जायला स्टेअरिंग किंचित डावीकडे धरावं लागे. मोजलं तर उजवा कॅम्बर उणे १.१ वर घसरलेला. ज्या बाजूचं चाक कमी आत झुकलेलं, त्या बाजूला गाडी जाते. नशिबाने बोल्टच्या डोक्यावर पेंट मार्करने रेघ मारून ठेवली होती, ती तुटलेली दिसली म्हणून शोधाशोध वाचली. पुन्हा जुळवून बोल्ट टॉर्क रेंचने आवळले, आता दर महिन्याला रेघ बघतो.

अलाइनमेंटला जाताना हवा चारही टायरमध्ये ठरल्याप्रमाणे भरा, टाकी अर्धी ठेवा आणि जमलं तर ड्रायव्हरच्या सीटवर आपल्या वजनाइतकं काहीतरी ठेवायला सांगा. नव्या स्प्रिंग काही शे किलोमीटर चालून बसल्याशिवाय जाण्यात अर्थ नाही. आर्मचे रबर बुश (सांध्यातले रबरी तुकडे) चाकं लटकत असताना आवळले असतील तर गाडी जमिनीवर घेऊन ते सैल करून पुन्हा आवळून घ्या, नाहीतर पिळलेल्या बुशवर उंचीच खोटी येते. आधी मागची चाकं, मग पुढचा कॅम्बर, शेवटी पुढचा टो. कॅम्बर हलला की टो हलतोच, त्यामुळे उलटा क्रम लावणाऱ्याकडून गाडी घेऊ नका. प्रिंटआउट मागा, आधीचा आणि नंतरचा दोन्ही.

एक कुरबुर उरली आहे. वळणात मधेच उंचवटा आला तर स्टेअरिंग न हलवताही नाक जरासं इकडेतिकडे होतं. गाडी खाली गेल्याने टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) आणि खालचा आर्म यांचे कोन जुळत नाहीत, स्प्रिंग दबली की टो आपोआप बदलतो. अलाइनमेंटच्या मशीनवर हे दिसतच नाही, कारण तिथे गाडी उभी असते. टाय रॉडचं टोक खाली आणणारा किट बघून ठेवलाय. तोवर त्या एका वळणावर मी हात जरा सैल सोडतो.