एकच बेस ठेवायचा, तर चार तारांचा की पाच?

एकच बेस गिटार घ्यायचा म्हटलं की पहिला वाद पिकअपवर, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या चुंबकी भागावर होतो, फेंडरच्या प्रिसिजन बेससारखा की जॅझ बेससारखा. माझ्या मते तो नंतरचा प्रश्न. टोनचं बरंचसं काम उजव्या हाताची बोटं सांभाळून घेतात, तारांची कमतरता मात्र कुठलंच बोट भरून काढत नाही. म्हणून इथे तुलना चार तारांच्या, प्रिसिजन घडणीच्या पॅसिव्ह (बिनबॅटरीच्या) बेसची आणि पाच तारांच्या अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) बेसची. दोन्ही मी घरात दुसरा बेस नसताना वापरले आहेत, पहिला नऊ वर्षं आणि दुसरा गेली सहा.

मुंबईत आपल्यापैकी अनेकांना एकावरच भागवावं लागतं. डोंबिवलीच्या वन बीएचकेत कपाटामागे एकच बॅग मावते आणि लोकलमध्येही खांद्याला एकच लागते. त्या एका वाद्यावर दुपारी दादरला जुन्या मराठी गाण्यांचा कार्यक्रम, रात्री लग्नाचं रिसेप्शन आणि दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी रेकॉर्डिंग, एवढं सगळं निघालं पाहिजे.

चार तारांच्या बाजूनं मी मनापासून बोलू शकतो. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्ड एकदम सुरू झाले तरी प्रिसिजनचा आवाज आपली जागा सोडत नाही. रेकॉर्डिंगला तर साउंड इंजिनियर खुश असतो, त्याला फारसं काही करावंच लागत नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन, त्यानं तिथलं बहुतेक काम १९६२च्या एका प्रिसिजनवर केलं, तेही फ्लॅटवाउंड म्हणजे सपाट गुंडाळीच्या तारांवर, आणि त्या तारा तो सहसा बदलतही नसे. एका बेसवर माणूस किती दूर जाऊ शकतो, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. पण त्याच्या गाण्यांची पट्टी स्टुडिओत ठरायची. आपली अनेकदा स्टेजवर ठरते, आणि माझा निर्णय तिथेच फिरला.

चार तारांवरचा सगळ्यात खालचा सूर म्हणजे पांढरी तीन, इंग्रजीतला ई. गाणं पांढरी तीनमध्ये बसवलं असेल तर खर्जातला सा मोकळ्या तारेवर मिळतो, शेजारच्या ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर (घरावर) पंचम, वर सा, सगळं हाताखाली. आता कार्यक्रमाच्या दिवशी गायकाचा घसा बसलाय आणि ते विंगेत येऊन म्हणतात, "अरे, आज काळी दोन ठेवूया." कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा होतो. आपला सा मात्र वाद्यातूनच निघून गेलेला असतो. अर्ध्या सुरासाठी तो थेट एक सप्तक वर, ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर जातो. पंचम, जो साच्या वर होता, तो खाली घ्यावा लागतो आणि बसवलेली सगळी ओळ उलटी होते. नुसते सूर बदलले असते तर चाललं असतं, इथे गाण्याचा पायाच वर उचलला जातो. पुरुष गायकांच्या नेहमीच्या पट्ट्या, काळी एक आणि काळी दोन, दोन्ही याच अडचणीत येतात. एकदा ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये शेवटच्या गाण्याचा शेवटचा सा मी असा वरच्या सप्तकात वाजवला. प्रेक्षकांना कळलं नसेल कदाचित. पण ढोलकीवाल्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं.

उपाय करून पाहिले. निवेदकाचं बोलणं चालू असताना खालची तार अर्धा सूर उतरवायची आणि पुढच्या गाण्याला परत चढवायची. थंड एसी हॉलमध्ये ती जागेवर राहत नाही. खुंटीला लावायची डी-ट्यूनरची कळ बसवली. तिनं पांढरी दोनपर्यंत पोहोचता येतं, पण काळी एक राहतेच, शिवाय कळ पाडली की त्या तारेवरचे सगळे सूर दोन घरं सरकतात. वरची जी तार काढून खाली जाड बी तार लावणारेही आहेत. त्यासाठी नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या पट्टीच्या, खाचा रुंद कराव्या लागतात आणि जी गेल्यामुळे वरच्या जागा आखडतात. मला तो सौदा पटला नाही.

पाच तारांच्या बेसवर हीच जाड बी तार खाली जास्तीची असते, म्हणून ते खालचे सूर हाताशी राहतात. पण त्याच्या तक्रारीही खऱ्या आहेत. वाद्य जड असतं. ठाण्याचा पूल चढला की खांदा सांगतो. तारांमधलं अंतर सहसा कमी असतं, आणि पाचवी तार आपोआप गुणगुणत राहते म्हणून अंगठा तिच्यावर टेकवून वाजवायची सवय करावी लागते. मला त्याला एक अख्खा पावसाळा लागला. पावसाळ्यात दमटपणानं नेक वाकून तारा उंच होतात हे दोन्हीकडे आलंच, पण माझ्या पाच तारांच्या बेसला जूनमध्ये ट्रस रॉड (नेक सरळ करणारी आतली सळई) फिरवावा लागला नाही असं एकही वर्ष गेलं नाही. बॅटरीचं म्हणाल तर केबल जॅकमध्ये राहिली की ती जळत राहते, म्हणून कार्यक्रम संपताच केबल काढायची. पॅसिव्हचं बटण असलेला बेस मिळाला तर तोच घ्या.

मंडपातल्या स्पीकरवर खालचे सूर वाजतच नाहीत, मग पाचवी तार कशाला, असं म्हणतात. मोकळी बी ३१ हर्ट्झच्या आसपास असते, तिच्याबद्दल हे बरंचसं खरं आहे. पण आपल्याला मोकळी बी क्वचितच लागते. लागतात ते पांढरी एक ते काळी दोन हे चार सूर, साधारण ३३ ते ३९ हर्ट्झमधले. तिथेही मूळ सूर स्पीकर पूर्ण देत नाही, तरी वरचे स्वरांश स्वच्छ असतील तर कान तो सूर जुळवून घेतो.

तुमचं काम मुख्यतः रेकॉर्डिंगचं असेल, किंवा ठरलेल्या पट्टीत वाजवणारा स्वतःचा बँड असेल, तर चार तारांचा बेस तुम्हाला बहुधा अधिक आनंद देईल. त्याचा आवाज मला आजही आठवतो. पण गायकांना साथ करत असाल, तर मी पाच तारांकडे झुकेन.

दुकानात गेलात की मोकळी पाचवी तार छेडून थांबू नका. तिच्या दुसऱ्या आणि चौथ्या फ्रेटवर, म्हणजे काळी एक आणि काळी दोनवर, सावकाश वाजवा. मग तेच सूर एक सप्तक वर, ए तारेच्या चौथ्या आणि सहाव्या फ्रेटवर. सूर खाली जाताना आवाजाचा पोत तोच राहिला पाहिजे. खाली नुसती घरघर ऐकू आली तर तो बेस परत ठेवा, किंमत कितीही चांगली असली तरी.