पाच देशांचं मेन्यूकार्ड, त्यातले दोनच जमलेले

नागपूरच्या धरमपेठेतल्या या हॉटेलचं मेन्यूकार्ड चीनपासून सुरू होतं आणि जपान, कोरिया, थायलंड करत शेवटच्या पानावर ब्रह्मदेशात पोचतं. माझं ऐकाल तर कार्ड मागून वाचायला घ्या.

शेवटच्या पानावरचं खाव स्वे एकट्यानं अख्खं हॉटेल तारून नेतं. मोठ्या वाडग्यात नूडल्स आणि वर गरम रस्सा. सोबत छोट्या वाट्या येतात : तळून करकरीत केलेला लसूण, तळलेल्या नूडल्स, कांद्याची पात, सुक्या मिरचीचा चुरा, लिंबाच्या फोडी, उकडलेलं अंडं. बायकोच्या मावशीनं बिनअंड्याचं मागवलं, पहिला चमचा घेतला आणि म्हणाली, "हे तर आपलं पातळ बेसन होय न, नारळाच्या दुधातलं!" मावशीची जीभ चुकत नाही. या रश्शाला दाटपणा बेसनानंच येतो, ब्रह्मदेशातही. लसूण मात्र शेवटी घाला, आधी घातला की मऊ पडतो.

मावशी शुद्ध शाकाहारी, म्हणून थाई करीच्या आधी आम्ही वेटरची उलटतपासणी घेतली. थाई करीच्या वाटणात बहुतेक वेळा सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट असते, वरून फिश सॉस पडतो. वेटर आधी "व्हेज म्हणजे व्हेजच मॅडम" म्हणाला, पण आत जाऊन विचारून ये म्हटल्यावर गेला. परत येऊन सांगितलं : ग्रीन करीचं शाकाहारी वाटण वेगळं करतात, टॉम यमच्या व्हेज सूपमध्ये मात्र फिश सॉस आहे. खरं सांगितलं, हे आवडलं. पण हे कार्डावरच छापायला नको का?

ग्रीन करी वासाला अस्सल. गवती चहा आणि काफिर लाइमची पानं झाकण काढताच नाकात शिरली. (पानं आणि काड्या बाजूला काढायच्या असतात. भाच्यानं एक काडी बराच वेळ इमानानं चावली.) तिखट मात्र कुठंच नाही. ऑर्डर घेतानाच "स्पायसी कमी ठेवू ना?" असं विचारलं होतं. भाऊ, सावजीची तर्री पिणाऱ्या गावात हा प्रश्न? मिरची मागितली तर व्हिनेगरमधली हिरवी मिरची आली, चायनीजच्या टेबलावर असते तीच.

सुशीच्या वाटेला जाऊ नका. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा पुरा झाला तरी कच्च्या माशाची हौस नागपुरात कशाला, म्हणून काकडी-अव्होकाडोचा रोल घेतला. भात थेट फ्रिजमधून आलेला, शितं टणक. सुशीचा भात कोमट हवा आणि त्याला व्हिनेगरची हलकी चव हवी. इथं दोन्ही नव्हतं. वसाबीबद्दल, म्हणजे सुशीसोबतच्या झणझणीत हिरव्या चटणीबद्दल, तक्रार नाही, हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ हिरवं रंगवून जगभर त्याच नावानं खपतं. कोरियाचा बिबिम्बाप (भात आणि वर भाज्या) गरम दगडी भांड्यात येईल, तळाचा भात खरपूस लागेल, अशी आस होती. आला चिनी मातीच्या वाडग्यात, कोमट. चायनीजबद्दल काय लिहायचं, तसं मंचुरियन कोणत्याही चौकात मिळतं आणि निम्म्या पैशात.

चौघांचं बिल अडीच हजारांच्या आसपास. त्यात ५ टक्के जीएसटी रीतसर, पण १० टक्के सर्व्हिस चार्जही न विचारता लावलेला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगून ठेवलंय की तो असा आपोआप बिलात लावता येत नाही. काउंटरवर तेवढं म्हटलं आणि मॅनेजरनं वाद न घालता दुसरं बिल काढलं, म्हणून इथं हॉटेलचं नाव लिहीत नाही. वेटरला वेगळे पैसे दिले. स्वयंपाकघरात जाऊन खरं विचारून आल्याबद्दल.

रविवारी रात्री गाडी लावायला जागा मिळत नाही. दुपारी जा, आणि तिखट जास्त हवं हे ऑर्डर देतानाच बजावून सांगा.