शेवटचे आठवडे: घरी की वॉर्डात?

कॅन्सरवर आणखी केमो देऊन उपयोग नाही असं ठरलं, की मोठ्या वयाच्या माणसासाठी खरा प्रश्न उरतो तो जागेचा. घरोघरची परिस्थिती वेगळी असते, त्यामुळे हा काही सगळ्यांसाठीचा निकाल नव्हे.

वॉर्डाची बाजू भक्कम आहे. रक्तस्राव, फिट, तुंबलेली लघवी अशा वेळी तिथे लगेच कुणीतरी धावून येतं. घरात फक्त थकलेला जोडीदार, त्यात बिनलिफ्टचा तिसरा मजला, तर वॉर्डच बरा.

आमच्या लेखी पारडं झुकलं ते मात्र रात्रीच्या डोसामुळे. वॉर्डात मॉर्फीन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध, कुलपात असतं. दोन वाजता कळ उठली की सिस्टर ड्यूटी डॉक्टरांना शोधणार, मग ऑर्डर, किल्ली, वहीत नोंद, सही. गोळी हातात पडायला पाऊण तास जाऊ शकतो आणि ती लागू पडायला वर आणखी अर्धा तास. यात सिस्टरची चूक नाही, औषधाचा हिशेब ठेवावाच लागतो. पण कॅन्सर हाडांत उतरलेल्या माणसाला तो पाऊण तास सोसवत नाही.

घरी तीच गोळी कपाटातल्या डब्यात असते. साधी मॉर्फीनची गोळी दर 4 तासांनी, दुखायची वाट न बघता द्यायची. मध्येच कळ आली तर दिवसभराच्या एकूण मात्रेचा साधारण सहावा हिस्सा जादा: दिवसाला 60 मिलिग्रॅम चालू असेल तर 10. म्हाताऱ्या माणसाला डॉक्टर बहुधा अडीच किंवा 5 मिलिग्रॅमपासून सुरू करतात, आणि किडनी थकलेली असेल तर दोन डोसांतलं अंतर वाढवतात. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं, कारण मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता ओसरत नाही. बिघडतं ते बहुतेकदा इथे: ‘सवय लागेल’ या भीतीने घरचेच डोस लांबवतात, दुखणं डोक्यावर बसतं आणि मग ते उतरवायला जास्त औषध लागतं. उशाशी वही ठेवा, प्रत्येक डोसाची वेळ लिहा.

घराची लंगडी बाजूही सांगायला हवी. मॉर्फीन कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळत नाही. अमली पदार्थ कायद्यातल्या 2014च्या दुरुस्तीनंतर नियम सोपे झाले, तरी औषध बहुधा मान्यताप्राप्त संस्थेकडूनच घ्यावं लागतं. म्हणून हिंडता-फिरता असतानाच पॅलिएटिव्ह (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या) विभागात नाव नोंदवा. शिवाय मृत्यूच्या कारणाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा, नाहीतर रविवारी पहाटे धावाधाव होते. घर आणि वॉर्ड दोन्ही जमण्यासारखं नसेल तर वांद्र्याचं किंवा गोव्यातलं शांती आवेदना सदन, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांची काळजी घेणारं हॉस्पिस, हा मधला मार्ग आहे. तिथे पैसे घेत नाहीत.

आणि ज्याचं दुखणं त्याला विचारा, मुलं-सुना खोलीत नसताना. ‘कुठे राहायचंय?’ याला ‘तुम्ही ठरवा’ असंच उत्तर येतं. ‘कशाची धास्ती वाटते?’ विचारलं की नळ्यांची, वेदनेची, ओझं होण्याची गोष्ट निघते. ‘ओझं नको’ म्हणजे ‘वॉर्डात टाका’ असं नसतं. नळ्या नकोत हे पक्कं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2023च्या सुधारित नियमांनुसार तसं लिहून, दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येतं.

अगदी शेवटी खाणं थांबतं. वॉर्डात अशा वेळी नाकातल्या नळीचा विषय निघतो, घरी चमच्याने भरवण्याचा. दोन्ही टाळलेलं बरं, गिळता येत नसताना घास श्वासनलिकेत जातो. घशात घरघर लागली तर कुशीवर वळवा. ओल्या कापसाने ओठ पुसत राहा. गंगाजळ चमच्याने न घालता बोटाने ओठांवर दोन थेंब लावा, आणि तुळशीचं पान तोंडात न सरकवता ओठांवरच ठेवा.